बिनआवाजी सुभेदार

शिरवळच्या आमच्या कंपनीच्या गेटवर हॉर्न वाजवायला बंदी नव्हती, तरी कुणी वाजवत नसे. वाजवला की केबिनमधून सुभेदार हणमंतराव माने बाहेर यायचे, ट्रकच्या दाराशी उभे राहायचे आणि ड्रायव्हरला इतक्या हळू आवाजात काहीतरी सांगायचे, की त्याला इंजिन बंद करून, खाली उतरून "काय म्हणला?" असं विचारावं लागायचं. मग ते तेच वाक्य तितक्याच हळू पुन्हा म्हणायचे. "गेट हाय. आमाला तुमी दिसताय. वाजवायची गरज न्हाई." तोवर मागे ट्रकांची रांग लागलेली असायची आणि त्या रांगेतही कुणी हॉर्न वाजवत नसे.

मी त्या कंपनीत खरेदी विभागात होतो. मूळचा सांगलीचा, चौगुल्यांचा, हळदीच्या पेठेत वाढलेला. आमच्या पेठेत दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि नदीच्या दोन काठांवरून बोलावं तशी बोलतात. त्यात भांडण आहे असं कुणालाच वाटत नाही. असल्या घरातून आलेल्या माणसाला सुभेदार पचनी पडायला वेळ लागला. त्यांच्याशी बोलताना मी निम्मा वेळ वाकलेला असायचो आणि लांबून बघणाऱ्यांना वाटायचं, खरेदी विभाग सिक्युरिटीच्या पाया पडतोय.

सुभेदारांची उभी हयात तोफखान्यात गेली होती. तोफखान्यातली माणसं रिटायर झाल्यावर मोठमोठ्याने बोलतात, कारण त्यांना स्वतःचंच ऐकू येत नाही. सुभेदारांनी मात्र नोकरीभर कानात कापूस कोंबून कान शाबूत ठेवले होते. आता ते वापरायचे कशावर, एवढाच प्रश्न होता. सिक्युरिटीकडून आमच्याकडे बॅटऱ्या, काठ्या, रेनकोट अशा मागण्या यायच्या. सुभेदारांची पहिली मागणी गेटच्या बिजागऱ्यांसाठी वंगणाची होती. दुसऱ्या वेळी त्यांनी स्टोअरमधल्या सगळ्या शिट्ट्या परत पाठवल्या.

"आवाज म्हंजे वाया गेलेली ताकद, साहेब," ते मला म्हणाले. प्रॉडक्शनचा मॅनेजर कामगारांवर खेकसायला लागला की ते केबिनच्या खिडकीतून तिकडे बघायचे आणि काळजीने म्हणायचे, "बेरिंग गेलेलं दिसतंय."

शनिवारी मी गाडीने सांगलीला जायचो. सुभेदारांचं गाव कडेगावपासून थोडं आत. वाट जरा वाकडी करावी लागायची, पण मला सोबत व्हायची. म्हणजे सोबत होई इतकंच, गप्पा होत असं नाही. पहिल्या शनिवारी ते एक लांबलचक कापडी गुंडाळी घेऊन आले. तिचं एक टोक डॅशबोर्डला टेकलं, दुसरं मागच्या काचेला, आणि मधला भाग माझ्या खांद्यावर आला. हे काय म्हणून मी विचारलं नाही. लष्करी माणूस, असेल काहीतरी.

विचारलं नाक्यावरच्या पोलिसाने.

"ह्यात काय हाय?"

"धनुष्य."

"कशाला?"

सुभेदारांनी बराच विचार केला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला साध्या प्रश्नालाही वेळ लागतो. शेवटी ते म्हणाले, "वाजतंय का बघाय."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते सुभेदार आहेत." एवढ्यावर त्याचं समाधान कसं झालं कोण जाणे, पण त्याने सलाम ठोकला आणि आम्हाला सोडलं.

मग कऱ्हाड येईपर्यंत मला थोडंथोडं कळत गेलं. साताऱ्याकडे हल्ली नांगरलेल्या रानात पोरंपोरी धनुष्यबाण शिकतात आणि लांबच्या देशांतून पदकं घेऊन येतात. सुट्टीवर असताना सुभेदार एकदा ते बघायला गेले होते. पोरांचं त्यांना कौतुक वाटलं, धनुष्य मात्र आवडलं नाही. कप्प्या, तारा, दुर्बीण, आणि सोडलं की खटॅक. "शिलाई मशीन हाय ते," सुभेदार म्हणाले. ईशान्येकडे पोस्टिंगला असताना त्यांनी कळकाची, म्हणजे बांबूची, साधी लांब धनुष्यं बघितली होती. मेसच्या मागे गावातली माणसं नेम धरत बसायची आणि आत जेवणाऱ्यांना पत्ता नसायचा. ते त्यांच्या डोक्यात राहून गेलं होतं. जगातलं सगळ्यात गप्प धनुष्य कुठलं, हे त्यांना शोधायचं होतं, आणि विकत मिळत नसेल तर आपला हात जगन्नाथ.

"आणि तुमी जैन, म्हणून सांगतो," ते घाईने म्हणाले, "ह्यातनं आजवर मुंगीबी मेलेली न्हाई. पाचटाचं गठ्ठं मारतो."

सुभेदारांचं घर रानातच होतं. पुढे ओसरीवजा सोपा, सोप्यासमोर शेवग्याचं झाड, पलीकडे उसाच्या कडेला पाचटाचे गठ्ठे एकावर एक रचून बांधलेले. विहिरीच्या कट्ट्याजवळ उभं राहून सुभेदार बाण सोडायचे. वाजलं की नाही याचा निकाल मात्र ते स्वतः देत नसत. करणाऱ्याचा कान करणाऱ्याच्या बाजूने असतो, असं त्यांचं म्हणणं. निकाल द्यायच्या काकू, म्हणजे सुभेदारांची बायको.

काकू सोप्यावर रानाकडे पाठ करून बसायच्या. हातात निवडायला काहीतरी असायचंच. सुभेदार बाण सोडायचे, धनुष्य कट्ट्याला टेकवायचे, चालत सोप्यापर्यंत यायचे आणि विचारायचे, "आला?" म्हणजे ऐकायला आला का. काकू म्हणायच्या, "आला." मग ते परत चालत जायचे. तिथूनच हाक मारून का विचारत नाही, असं मी एकदा सुचवून बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो.

नुसतं 'आला' म्हणून काकूंची सुटका नसायची. कसा आला तेही सांगावं लागे. ईशान्येकडच्या डोंगरातले लोक करतात तसं कळकाचं धनुष्य, त्याला कळकाच्याच चिवट पट्टीची दोरी, हे सुभेदारांनी पहिलं केलेलं. त्यावर काकूंचा निकाल होता, "तव्यावर उलथनं आपटल्यागत." जुन्या कर्नलसाहेबांनी भेट दिलेलं इंग्रजी पद्धतीचं होतं, माणसाएवढं उंच, पोटाकडून गोल. ते "गोधडी झटकल्यागत." धामणीच्या लाकडातून स्वतः तासून काढलेलं, रुंद चपट्या हातांचं, ते "तव्यात भाकरी टाकल्यागत." या तिसऱ्या निकालानंतर सुभेदार दिवसभर खुशीत होते. उलथन्यापासून भाकरीपर्यंत यायला त्यांना दोन उन्हाळे लागले होते.

मधे एकदा त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून जपानी पद्धतीचं धनुष्य केलं. व्हिडिओ ते आवाज बंद करूनच बघायचे, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. त्या धनुष्याची दोरी सुटताना वाजते, आणि ती वाजावी म्हणूनच तिकडचे लोक जपतात. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाणारं ते धूड सुभेदारांनी पहिल्यांदा ओढलं आणि सोडलं, तर रानात टाळ वाजल्यासारखा आवाज झाला. काकूंनी वळून बघितलं. "ह्यो लय गोड हाय," त्या म्हणाल्या. "ह्योच ठेवा की." सुभेदारांनी ते धनुष्य शिक्षा केल्यासारखं सोप्याच्या आढ्याला टांगून ठेवलं.

काकूंचा कान कसला होता ते मी पहिल्याच रविवारी, परतताना सुभेदारांना घ्यायला थांबलो तेव्हा बघितलं. दोनचार बाण झाल्यावर सुभेदार आले आणि म्हणाले, "आला?"

मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "तुमी सोडलाच न्हाई."

"सोडला की."

"न्हाई सोडला. नुसतं जाऊन उभं ऱ्हायलायसा. पाव्हण्याम्होरं माजी परीक्षा बघताय व्हय?"

सुभेदार माझ्याकडे वळले. हसू त्यांच्या चेहऱ्यावर सहसा येत नसे, त्या दिवशी आलं. "बघितलासा? रडार हाय," ते म्हणाले. काकूंना रडार म्हणजे काय ते माहीत नसावं, पण ही स्तुती आहे हे त्यांना कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

धनुष्य गप्प करायची विद्या मला सुभेदारांनी बरीच सांगितली. त्यातली थोडी समजली. जड बाण सगळी ताकद घेऊन जातो. हलका बाण थोडी मागे टाकतो आणि ती दोरीत थरथरत बसते. "ताटात टाकून उठणाऱ्या पाव्हण्यागत." दोरीला पीळ कमीजास्त दिला की आवाज बदलतो. दोरीच्या दोन्ही टोकांजवळ लोकरीचे झुपके बांधले की थरथर त्यात मुरते. लोकर ते मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराकडून घ्यायचे. हा माणूस लोकर घेतो आणि घोंगडं विणत नाही, याचा त्या धनगराला अनेक वर्षं अचंबा होता.

कंपनीत ही बातमी फार काळ लपली नाही. वार्षिक समारंभात सुभेदारांचं प्रात्यक्षिक ठेवायचं असं वरून ठरलं. मी त्यांना सावध केलं होतं. पण हुकूम म्हटल्यावर त्यांनी तो पाळला.

मैदानात एका टोकाला गठ्ठे, दुसऱ्या टोकाला लष्करी कोट चढवून सुभेदार, हातात धामणीचं धनुष्य. समोर मांडवात सगळी कंपनी. निवेदिकेने दोन मिनिटं प्राचीन परंपरेचं वर्णन केलं आणि सगळे श्वास रोखून बसले. सुभेदारांनी बाण ओढला, सोडला, धनुष्य खाली घेतलं आणि सावधानमध्ये उभे राहिले. मांडव अजून श्वास रोखूनच होता. मोठे साहेब फोनमध्ये काहीतरी बघत होते, त्यांनी मान वर केली आणि शेजाऱ्याला विचारलं, "कधी सोडणार?"

"झालं," सुभेदार म्हणाले. ते पहिल्या रांगेपर्यंतही पोचलं नाही.

शेवटी मी जाऊन गठ्ठ्यात मधोमध रुतलेला बाण दाखवला, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, पुन्हा एकदा करा, मला कळलंच नाही. पुन्हा केलं, पुन्हा कळलं नाही. पुढे कंपनीच्या व्हिडिओत एडिटिंगवाल्या पोराने त्या जागी 'सप्प' असा झणझणीत आवाज घातला. सुभेदारांनी तो व्हिडिओ कधी नव्हे तो आवाज चालू करून बघितला आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "साहेब, तक्रार द्यायची हाय. ह्यो आवाज माजा न्हाई."

एका सोमवारी ते साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे खोके घेऊन आले आणि गेटपासून मालक मंडळींच्या मजल्यापर्यंत प्रत्येकाला पेढा देत सुटले. कुणी म्हणालं नातू झाला, कुणी म्हणालं शेतीच्या दाव्याचा निकाल लागला. माझ्यासमोर खोकं धरून ते म्हणाले, "न्हाई आला."

"काय नाही आला?"

"बाण. नव्या धनुष्याचा. घरातली म्हणली, न्हाई आला. एकदा न्हाई, परत परत सोडला. न्हाईच आला."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. एवढ्या वर्षांत त्यांना एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. दोन धामणीच्या पट्ट्या, मधे कळक, जड बाण, धनगराची लोकर. माणसाने मनात आणलं तर काय करू शकतो, यावर त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये बरीच चर्चा झाली. धनुष्याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं नाही, कारण पेढे चांगले होते.

ते धनुष्य बघायला मी पुढच्या रविवारी त्यांच्याकडे थांबलो. दुपारची वेळ, शेवग्यावर कावळा, वारा पडलेला. काकू नेहमीच्या जागी, रानाकडे पाठ, पुढ्यात पावटा सोलायला. मी त्यांच्या शेजारी बसलो. सुभेदार कट्ट्याजवळ गेले. मी कान देऊन बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. अगदी बारीक, निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसं.

सुभेदार आले. "आला?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"साहेब, तुमाला?"

"आला," मी म्हटलं. "फुंकर मारल्यासारखा."

सुभेदारांनी मान हलवली. तेवढा राहणारच, असं त्या मान हलवण्यात होतं. मग फरक मला कळावा म्हणून ते आत गेले आणि ते पहिलं, कळकाचं धनुष्य घेऊन आले. विहिरीपाशी गेले आणि बाण सोडला. तव्यावर उलथनं आपटलं. शेवग्यावरचा कावळा उडून गेला. काकू पावटा सोलत होत्या.

सुभेदार चालत आले. या वेळी नेहमीपेक्षा हळू.

"आला?"

काकूंनी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. उत्तर तिथे लिहिलेलं असावं तशा बघत राहिल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांना आनंद व्हावा म्हणून हसल्या.

सुभेदार वळले, कट्ट्यापर्यंत गेले, धनुष्याला हातसुद्धा न लावता क्षणभर उभे राहिले, आणि परत आले.

"आला?"

काकूंनी पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी तिथे वेगळं काहीतरी दिसलं असणार.

"आला की," त्या म्हणाल्या. "आत्ताचा आला."

सुभेदार सोप्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना गेटवर, मैदानात, गाडीत, सगळीकडे ताठच बघितलं होतं. असे बसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. उठून जावं म्हटलं तर वाट त्यांच्यावरूनच होती.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं. काकूंना ते कळलं नाही. त्यांनी तोंड काकूंच्या समोर नेऊन पुन्हा विचारलं, पण आवाज तेवढाच.

"कुकरच्या शिट्ट्या समजंनात, तवापासनं."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमी पेढं वाटलंसा," काकू म्हणाल्या. "मग कुणी सांगायचं?"

पुढच्या आठवड्यात मी दोघांना सांगलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. सुभेदार गप्प. मुलीने पुन्हा विचारलं. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, पण मलाही ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं काकूच म्हणत आलो होतो. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'अगं' नाहीतर 'ऐकलं का' एवढ्यावर संसार होतो. शेवटी काकूंनीच पुढे होऊन सांगितलं, "शालन हणमंत माने," आणि सांगताना पदर तोंडाला लावला, कारण त्यात नवऱ्याचंही नाव घ्यावं लागलं होतं.

तपासणीची खोली काचेची होती. काकू आत बसल्या, कानाला मोठी यंत्रं लावून, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुभेदार बाहेरून बघत होते. बटण दाबलं की बाहेर एक दिवा लागायचा. बराच वेळ तो लागला नाही की सुभेदार काचेला आणखी जवळ जायचे. शेवटी त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली आणि त्यांना दिवाच दिसेना. मग ती त्यांनी रुमालाने पुसली.

डॉक्टर म्हणाले, कानाची शीर सुकत चालली आहे. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय तेही हळूहळू जाईल. मशीन लावा, जितके दिवस उपयोग होईल तितके दिवस होईल. मशीन लावून काकू तिथेच बसल्या आणि डोळे मोठे करून ऐकायला लागल्या. पंखा, खुर्ची, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारच्या खोलीतलं मूल, सगळं एकदम आत शिरलं.

"येतंय ऐकायला?" सुभेदारांनी विचारलं.

काकू त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "समदं येतंय. तुमीच तेवढं येत न्हाई."

डॉक्टर हसले. "काका, तुम्ही आता जरा मोठ्याने बोलायला पाहिजे."

"बघतो," सुभेदार म्हणाले.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर काकू मागच्या सीटवर झोपल्या. मी सुभेदारांना म्हटलं, तोफेच्या भडिमारात हुकूम देणारा माणूस तुम्ही, घसा आहे तुमच्याकडे, लावा की थोडा. ते बाहेर बघत म्हणाले, "साहेब, वरडून मी फकस्त हुकूम दिलाय. जवानांना. घरात एकदाबी न्हाई. आता तिला वरडून काय सांगू? चा पी म्हणून?" मोठा आवाज निघाला की तो हुकूमच होतो आणि बायकोला हुकूम करायचा नाही, असं त्यांनी लग्नाच्या वेळी ठरवलं होतं. माझ्या पेठेत असं ठरवणारा एकही माणूस मला आठवेना.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गेटवर सगळे जमले, भाषणं झाली, आणि सुभेदार निघाले तेव्हा ट्रकवाल्यांनी मान म्हणून हॉर्न वाजवले. सुभेदारांनी ते सहन केलं.

घरी जाऊन त्यांनी जे आरंभलं ते कळल्यावर मला हसावं की रडावं ते समजेना. धनुष्यं वाजवायची. तोंडाने हाक मारायची नाही, तर बाण हाक मारेल, असा त्यांचा हिशेब. एक बाण म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण. लोकरीचे झुपके कापून टाकले. जड बाण बाजूला, बोरूसारखे हलके बाण करून घेतले. दोरी ताणून ताणून तुटायच्या बेताला आणली. आढ्याला टांगलेलं जपानी धूड खाली उतरवलं. रिटायर झाल्यावरची सगळी वर्षं ज्या विद्येत घातली ती त्यांनी एका मोसमात उलटी फिरवली. मी म्हटलं, "सुभेदार, ही सगळी ताकद वाया जातेय." ते म्हणाले, "जाऊ दे की."

वस्तीवर बोंब झाली. शेजारचा शिवाजी मोहिते म्हणाला, "सुभेदार, आवं म्हस पान्हा सोडंना माजी." सुभेदारांनी त्याच्याकडे जाऊन हळू आवाजात माफी मागितली. शिवाजीला ती ऐकू गेली नाही, त्याने आपल्या अंदाजाने राग सोडला. सुरुवातीला काकूंना त्या जपानी धनुष्याचं थोडं कळायचं. मशीन लावून, मान तिरकी करून बसल्या की म्हणायच्या, "काय तरी झालं बगा." तेवढ्यावर सुभेदार आठवडा काढायचे. मग तेही बंद झालं.

यंदा हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला मी गेलो होतो. आता मीही शिरवळ सोडून पेठेत येऊन बसलोय. सुभेदार थकलेले वाटले, पण धनुष्य ओढायचे अजून. काकूंशी ते पाटी-पेन्सिल घेऊन बोलत होते. पाटीवर 'मीठ कमी' असं लिहिलेलं होतं, आणि खाली, तोंडाने सांगता येत असूनही, काकूंच्या अक्षरात 'बरोबर हाय'. मला बघून काकूंनी तोंडभर चौकशी केली. घरचे कसे, हळदीला भाव काय, आईचे गुडघे. मी उत्तरं दिली. त्यांनी माझ्या ओठांवरून काही घेतली, काही सोडून दिली. मग "शेंगा न्यायच्या हायती तुमाला," म्हणत त्या बांधाच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या शेवग्याकडे शेंगा ओढायची आकडी घेऊन निघून गेल्या.

त्यांना यायला उशीर झाला. मला अंधारायच्या आत सांगली गाठायची होती, तसं मी म्हणालो. सुभेदार उठले, सवयीने जपानी धनुष्य घेतलं आणि बाण सोडला. टाळ वाजला. शिवाजीची म्हैस दचकली. लांब बांधावर काकू आकडी वर करून शेंग ओढत होत्या, त्यांनी पाठसुद्धा वळवली नाही. सुभेदारांनी दुसरा बाण लावला, ओढला, आणि न सोडता तसाच हळूहळू परत आणला. त्यांनी काकूंकडे बघितलं. चालत जाऊन बोलावून आणणं त्यांना अवघड नव्हतं. आजवर तेच केलं होतं. पण त्यांनी धनुष्य कट्ट्याला टेकवलं, दोन पाय फाकवून ते तोफेशी उभं राहावं तसे उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि ओरडले.

"शालन!"

मी पेठेतला माणूस, आवाजाला भिणारा नव्हे, पण मीही मागे सरकलो. शिवाजी हातातली धार सोडून बाहेर आला. त्याची बायको दारात आली आणि कुणाचं नाव घेतलं ते कळल्यावर तोंडाला पदर लावून आत पळाली. उसाच्या पलीकडच्या रानात पाणी देणारा माणूस खोरं घेऊन बांधावर चढला. वस्तीवर इतकी वर्षं राहून हे नाव यातल्या कुणी सुभेदारांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हुकूम मात्र तो नव्हता, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. कुणी हुकूम इतका विनवून देत नाही.

बांधावर काकू थांबल्या. आकडी खाली आली. त्या वळल्या, आणि पदरात शेंगा धरून, कसलीही घाई न करता, चालत आमच्यापर्यंत आल्या. आधी शेंगा माझ्या हातात दिल्या. मग आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं, आणि कान लाल झालेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"वरडताय कशाला एवढं?" त्या म्हणाल्या. "मी काय भैरी हाय व्हय?"

सुभेदार काही बोलले नाहीत. त्यांचा घसा बसला होता.